शेवटच्या निबंधातलं वाक्य

कानिफनाथ नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आला तेव्हा आपल्याला लिहिता येतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. कर्जतच्या हायस्कुलात त्याचे निबंध वर्गात मोठ्यानं वाचले जात. सूर्याला तो कधी सूर्य म्हणत नसे, सहस्ररश्मी म्हणे. आईवर लिहायचं झालं तर वात्सल्यसिंधूपासून सुरुवात करी. त्याचे वडील कारभारी यांना यातला एकही शब्द कळत नव्हता, पण मास्तरांनी शाबासकी दिली की ते चार माणसांत सांगायचे, "आमच्या कानिफचं मराठी लई जड हाय."

कॉलेजात त्या वर्षी गंधे सरांनी लेखनाचा एक वर्ग काढला होता. दर शनिवारी दुपारी, बाकीचे तास संपल्यावर, वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत तो भरे. सर उंच, किडकिडीत, बोलताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघणारे. पहिल्या शनिवारी त्यांनी 'माझे गाव' हा विषय दिला. कानिफनं एका बैठकीत चार पानं लिहिली. निसर्गाच्या कुशीत पहुडलेलं गाव, वाऱ्यावर डोलणारी हिरवीगार शेतं, झुळझुळ वाहणारा ओढा.

सरांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

कर्जतच्या पुढं दोन-अडीच कोसांवर, असं कानिफनं सांगितलं.

"यंदा पाऊस झाला का तिकडे?"

पाऊस झालाच नव्हता. गेल्या वर्षीही जेमतेमच होता. ओढ्यात वाळू होती आणि शेतात ढेकळं. कानिफनं मान हलवली.

"मग ही हिरवी शेतं कुणाची?" सरांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी वही परत केली. आहे तेवढंच लिहायचं, ते म्हणाले. पाहिलेलं, ऐकलेलं, हाताला लागलेलं. जे नाही ते कितीही सुंदर असलं तरी खोडायचं.

त्या दिवशी कानिफ इतका दुखावला की पुन्हा त्या वर्गात पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं ठरवलं. वर्ग संपला की माळीवाड्याच्या स्टँडवरून तो कर्जतची एस.टी. पकडत असे. रविवार घरी काढून सोमवारी सकाळी परत येई. त्या शनिवारी गाडीत त्याच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. म्हाताऱ्याच्या मांडीवर रिकामा पत्र्याचा डबा होता. मुलगी नगरला दिली होती, तिच्या नळावरून पाणी भरून आणायला तो गेला होता. पण गर्दीत डबा सांडला म्हणून रिकाम्या हातानं परत चालला होता. कानिफ वाटभर त्या डब्याकडे बघत राहिला. घरी पोचल्यावर त्यानं तेवढंच लिहून काढलं. अर्धं पानही भरलं नाही.

ते त्यानं सगळ्यात आधी वाचून दाखवलं ते छबूला.

छबू त्याची धाकटी बहीण, पंधरा वर्षांची. गावात सातवीपर्यंतच शाळा होती, म्हणून तिचं शिक्षण तिथंच थांबलं. त्या वर्षी गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. बैलजोडी जनावरांच्या छावणीत बांधली होती, आणि कारभारी, त्यांची बायको केशरबाई आणि छबू असे तिघंही तलावावर जात. छबूचं वय मुकादमानं अठरा लिहून घेतलं होतं. अंगानं ती चांगली थोराड होती, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. घमेली उचलून तिच्या डोक्यावरच्या चुंबळीखालचे केस विरळ झाले होते आणि त्यावरून आई तिला रागवायची. जशी काही छबूचीच चूक होती.

रविवारी छबू सूप घेऊन उंबऱ्यात बसायची आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडायची. कानिफनं डब्याची गोष्ट वाचायला घेतली तेव्हाही ती निवडतच होती. मध्येच तिचे हात थांबले. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग त्यानं घरी जाऊन काय सांगितलं?"

ते कानिफला माहीत नव्हतं. म्हातारा मिरजगावलाच उतरून गेला होता.

"इचारायचं न्हाई का," छबू म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली.

पुढच्या शनिवारी सरांनी तेच अर्धं पान वाचलं आणि जवळजवळ तेच विचारलं. कानिफ वर्गात परत गेला तो असा.

त्यानंतर तो दर रविवारी तिला वाचून दाखवू लागला. छबू तोंडानं फारसं काही म्हणत नसे. आवडलं की तिचे हात थांबत, आवडलं नाही की बोटं आणखी भरभर चालत. कानिफ वाचता वाचता एक डोळा तिच्या हातांवर ठेवी. हात चालू राहिले त्या जागी परत येऊन खूण करी आणि सोमवारी गाडीत ती ओळ काढून टाकी. सर म्हणायचे, तुझी भाषा आता हलकी होत चाललीय. त्याला लाज वाटे, कारण यात आपलं किती आणि छबूच्या हातांचं किती, ते त्याला सांगता येत नव्हतं.

छबूला त्या वर्गाचं फार कुतूहल होतं. तिथं बाकं असतात का, मुली असतात का, असं ती विचारी. दोन मुली आहेत, असं त्यानं सांगितलं.

"त्या पन लिवत्यात?"

"व्हय."

"घरी वाचून दावत असतील का कुनाला?"

ते काही त्यानं विचारलं नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला आणि विसरला.

माघ सरत आला होता तेव्हाची गोष्ट. गुरुवार होता. इतिहासाचा तास चालू असताना शिपायानं कानिफला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात शेजारचा गोरक्ष उभा होता, अंगावर कामावरचेच कपडे. छबूला लागलंय, चल, एवढंच तो म्हणाला. किती लागलंय, दवाखान्यात नेलंय का, हे कानिफनं पुन्हा पुन्हा विचारलं. गोरक्ष दर वेळी, चल तर खरं, म्हणायचा. कर्जतच्या स्टँडवर उतरल्यावर त्यानं कानिफच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "कानिफ, छबू गेली."

तलावाच्या खाणीत मुरूम खणता खणता खालून पोकळ झालेली दरड ढासळली होती. खाली चार-पाच बाया होत्या. बाकीच्या निघाल्या, छबू निघाली नाही. लोकांनी हातांनी माती उपसली. केशरबाई बांधाच्या दुसऱ्या टोकाला होती. ओरडा ऐकून ती पळत आली तोवर छबूचे पाय तेवढे मोकळे झाले होते.

कानिफ पोचला तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. तोंड पुसलं होतं. केसांत मुरूम तसाच होता. पायांच्या टाचा पांढऱ्या पडल्या होत्या. आईच्या एका हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या आणि दुसऱ्या हातातल्या शाबूत होत्या. हे सगळं कानिफला एकेक करून दिसत होतं, आणि दिसता दिसता त्याची वाक्यं होत होती. केसांत मुरूम होता. टाचा पांढऱ्या होत्या. लहान, सरळ वाक्यं, सरांना आवडतील अशी. त्याचा त्याला धसका बसला. आपली बहीण समोर पडलीय आणि आपल्या डोक्यात लिहिणं चाललंय, असा आपण माणूस झालोय, असं त्याला वाटलं. त्या क्षणी त्याला गंधे सरांचा, त्या खोलीचा, स्वतःच्या वहीचा मनापासून संताप आला. तो मोठ्यानं रडू लागला तेव्हा लोकांना वाटलं, पोरगं एकदाचं मोकळं झालं, बरं झालं.

पंचनामा झाला. तलाठ्यानं वाचून दाखवलं, मयत छबूबाई कारभारी, वय अठरा. कारभारी खाली बघत म्हणाले, "पंधरा." तलाठी वाईट माणूस नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला की मस्टरवर अठरा आहे, आता पंधरा म्हटलं तर तुमच्याच मागं कटकट लागेल. कारभारींनी अंगठा पुढं केला.

तेरावा झाल्यावर कानिफ कॉलेजात परतला. शनिवारच्या वर्गाला जाऊन बसायचा, पण वही उघडायचा नाही. सरांना कुणीतरी सांगितलं असावं. ते त्याला काही विचारत नसत. उलट तो दारातून आत आला की तास चालू असला तरी क्षणभर थांबत आणि त्याला बसू देत.

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या वर्गात सरांनी शेवटचा निबंध सांगितला. विषय होता, या वर्षात मी काय शिकलो. माझी स्तुती करू नका, ते म्हणाले, आणि निबंध लिहिताय असंही समजू नका. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही कसे लिहीत होता, आता कसे लिहिता, मधे काय झालं, तेवढं प्रामाणिकपणे सांगा. पोरं कुरकुरली. कानिफ उठून बाहेर गेला.

लिहायचं नाही, असंच त्यानं ठरवलं होतं. पण होस्टेलच्या खोलीत बसून अभ्यास होईना. मी काय शिकलो, हा प्रश्न मनात आला की प्रत्येक वेळी उत्तराच्या जागी छबूचे हात दिसायचे. अखेर एका दुपारी तो त्याच टोकाच्या खोलीत एकटाच जाऊन बसला आणि लिहू लागला. हिरव्या शेतांपासून त्यानं सुरुवात केली. मग पाण्याचा डबा. मग उंबरा, सूप, थांबणारे हात. वय पंधरा. आणि मग तो दिवस.

त्या दिवसाची सकाळ त्यानं पाहिली नव्हती. ती त्याला आईकडून तुकड्यातुकड्यानं कळली होती आणि थोडी झुंबरबाईकडून. ही झुंबरबाई छबूच्या शेजारी खणत होती आणि वाचली होती. छबू त्या दिवशी उशिरा उठली. आई रागावली, लोकांच्या पोरी तलावावर पोचल्या आणि तू अजून अंथरुणात, असं म्हणाली. छबूनं उत्तर दिलं नाही. चुंबळ उचलली आणि न खाताच निघाली. आईनं तिला हाक मारली नाही. खाणीवर झुंबरबाईनं आपल्यातली भाकरी देऊ केली, तर दुपारी खाते म्हणाली. दुपार व्हायच्या आत दरड आली.

हे सगळं कानिफनं जसंच्या तसं लिहिलं. कुठं एकही शब्द फुगवला नाही. लिहून झालं तेव्हा त्याला बरं वाटलं नाही, पण हे बरोबर लिहिलं गेलंय, एवढं कळलं.

निबंध द्यायच्या आधी तो घरी गेला. पिशवीतून कपडे काढताना कागद खाली पडले. आईनं ते उचलले आणि उलटसुलट करून बघितले. तिला वाचता येत नव्हतं.

"छबूला वाचून दावायचास," ती म्हणाली. "मला दाव."

कानिफ म्हणाला, कॉलेजचं आहे, तुला कळायचं नाही. आई जागची हलली नाही. तिनं कागदही सोडले नाहीत. मग त्यानं वाचलं. कारभारी बाहेर दोर वळत बसले होते. त्यांनी हात दोरावरून काढले नाहीत, पण दोराला पीळ पडायचा आवाज बंद झाला होता. आई भिंतीला टेकून ऐकत होती. सुपाचं आलं तेव्हा तिनं सुपाकडे बघितलं. सकाळचं आलं तेव्हा पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

वाचून झालं. आई म्हणाली, "ती न खाता गेली, त्ये लिव्हलंस तू."

"व्हय."

"त्ये काढ."

कानिफ म्हणाला, तूच तर मला सांगितलंस.

"मी तुला सांगितलं. कागदाला न्हाई सांगितलं."

आईनं पदर खाली सोडला. तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ आण म्हणावं तसा. "जाताना तिनं भाकर खाल्ली असं लिव्ह. अर्धी लिव्ह. सगळी खाल्ली म्हनलं तर मलाच खरं वाटायचं न्हाई."

कानिफला सांगायचं होतं की आई, वर्षभर मी एवढंच शिकलोय; जे झालं नाही ते लिहायचं नाही. हा सगळा लेखच त्याच्यावर आहे. पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं बापाकडे बघितलं. कारभारींनी दोरावरची नजर काढली नाही. "म्हनती तसं लिव्ह," ते म्हणाले.

कानिफनं पेन काढलं. न खाताच निघाली, ही ओळ खोडली आणि वर लिहिलं, निघताना तिनं उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली. आई म्हणाली, वाच. त्यानं वाचलं. परत वाच म्हणाली. त्यानं परत वाचलं. मग ती उठली आणि चुलीकडे गेली. छबू गेल्यापासून घरात कुणीच पोटभर जेवत नव्हतं. त्या सांजेला आई पहिल्यांदा नीट जेवली.

सोमवारी त्यानं लेख स्वच्छ उतरून काढून सरांना दिला. दोन दिवसांनी सरांनी त्याला विभागाच्या खोलीत बोलावलं. कागद त्यांच्या समोर होते. बाकी कुठंही खूण नव्हती, फक्त एका वाक्याखाली लाल रेघ होती.

"कानिफनाथ, मला तुझ्याशी या लेखावर बोलायचं धाडस होत नाही," सर म्हणाले. "पण तू शिकायला आलास, म्हणून विचारतो. हे वाक्य खरं नाही ना?"

कानिफनं विचारलं, कशावरून?

सर म्हणाले की आधीच्या ओळीत ती आईला उत्तर न देता चुंबळ उचलतेय, नंतरच्या ओळीत झुंबरबाईची भाकरी नाकारतेय. मधे तिनं उभ्यानं खाल्लं असेलही, माणसं खातात. पण बाकी सगळीकडे तू तिच्याजवळ उभा आहेस. या एका वाक्यात तू तिथं नाहीस.

कानिफनं आईचं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज नीट होता. सरांनी चष्मा काढला आणि तळहातानं डोळे दाबले. ते खिडकीबाहेर बघत होते, पण नेहमीसारखं शब्द शोधायला नव्हे.

"मी तुम्हा मुलांना नेहमी सांगत आलो, खोटं खोडा," ते म्हणाले. "माझ्या मनात शोभेची खोटी वाक्यं होती. हे वाक्य तसलं नाही. याचं काय करायचं, ते मला ठाऊक नाही."

मग त्यांनी सांगितलं की लेख वार्षिकांकात छापावा, अशी त्यांची इच्छा आहे. वर्षभरात आलेल्या लेखनातलं हे सगळ्यात चांगलं आहे. मूळची ओळ परत घालायची की आईची ठेवायची, ते कानिफनं ठरवावं.

अंक गावात जाणार, हे कानिफला माहीत होतं. कुणीतरी तो आईला वाचून दाखवणार. मूळची ओळ घालता येत नव्हती. आणि आईची ओळ छापून सगळ्यांच्या हातात द्यावी, असंही त्याला वाटेना. ती ओळ तिच्यापुरती होती. तो सरांना म्हणाला की छापू नका.

सरांनी आग्रह केला नाही. कागद परत देताना विचारलं, "मग या वर्षात तू काय शिकलास म्हणायचं?"

कानिफनं कागदांची घडी घातली. "खोटं कुठलं ते आता ओळखू येतं, सर," तो म्हणाला. "त्यानं सोपं काहीच झालं नाही."

त्यानं बी.ए. पुरं केलं. सरांच्या वर्गाला पुढं तो गेला नाही. वर्ग बंद पडला नव्हता, त्यालाच जाववलं नाही.

तो दुसऱ्या वर्षाला असताना छबूला वर्ष झालं, तेव्हा घरी जेवण होतं. पाहुणे आले होते. त्या साली पीकपाणी बरं होतं, पानात ज्वारीची पांढरी भाकरी होती. बायका आत बसल्या होत्या आणि कानिफ दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. राहुरीकडची मावशी म्हणाली, पोर बिचारी उपाशीपोटी गेली असंल गं.

"न्हाई," केशरबाई म्हणाली. "जाताना अर्धी भाकर खाल्ली हुती तिनं. हितंच, उभ्या उभ्या. माझ्या डोळ्यांनी बघितलं." ती सांगत होती आणि हातानं उंबऱ्याकडची जागा दाखवत होती. आईच्या चेहऱ्यावरून कानिफला कळलं की ती काही लपवत नाहीये. तिला ते आता खरंच दिसत होतं.

मावशी दाराकडे वळली. "व्हय का रं कानिफ?"

आतल्या सगळ्या बाया त्याच्याकडे बघू लागल्या. शिकलेला होता तो. तो म्हणेल ते खरं धरणार होत्या.

"व्हय," कानिफ म्हणाला.

मग तो पाणी वाढत पुढं गेला. बाहेर पुरुषांच्या रांगेच्या शेवटी कारभारी बसले होते. त्यांचा पेला त्यानं भरला. कारभारींनी मान वर करून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पानातली भाकरी मोडून हळूहळू खायला लागले.